घरबसल्या आनंद : नवशिक्या मराठी माणसासाठी, कोलकाता आवृत्ती

ही पुस्तिका कोणासाठी आहे ते आधी सांगते. रिकामं बसलं की ज्यांना चोरी केल्यासारखं वाटतं, ज्यांच्या कपाटात चांगल्या चादरी पाहुण्यांची वाट बघत पिवळ्या पडतात आणि ‘काय, मजेत?’ असं विचारलं की जे ‘चाललंय’ म्हणतात, त्यांच्यासाठी. म्हणजे आपल्यासाठी. बंगाली वाचकांना हिचा उपयोग नाही. त्यांना यातलं सगळं दात येण्याआधीपासून येतं.

यातले प्रयोग 2020 च्या मार्चअखेरीपासून जूनअखेरीपर्यंत कोलकात्यात करून पाहिलेले आहेत. जागा : भवानीपुरातल्या जुन्या इमारतीचा दुसरा मजला, दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि रस्त्यावर लोंबणारी गॅलरी, जिला इथे झुलबारांदा म्हणतात. माणसं पाच. पाचही सुखरूप आहेत आणि एकमेकांशी बोलतात.

लागणारं साहित्य

एक संकट. ते शक्यतो केव्हा संपणार हे ठाऊक नसलेलं घ्यावं. तारीख कळलेल्या संकटात माणूस नुसते दिवस मोजत बसतो. आम्हाला कोरोनाच्या टाळेबंदीचं सरकारमान्य संकट घरपोच मिळालं आणि त्यात घरची भर अशी : ह्यांचा पगार एप्रिलपासून निम्मा. लेकीच्या दहावीचे काही पेपर होऊन गेलेले, उरलेले 19 मार्चला पुढे ढकललेले. म्हणजे अभ्यास हजर, परीक्षा बेपत्ता. सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, रक्तदाब. आणि कामाला येणाऱ्या माशी (मराठी वाचकांनी दचकू नये, बंगालीत मावशीला माशी म्हणतात) दक्षिणेकडच्या लोकलनं यायच्या, ती लोकलच बंद.

एक वही. ही अत्यावश्यक. आमच्याकडची अण्णांची आहे. अण्णा नागपूरचे, रेल्वेच्या हिशेब खात्यात चिकटले आणि गार्डन रीचच्या कचेरीतून निवृत्त झाले. रोजचा खर्च रोज रात्री मांडल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. रकाने सहा : किराणा, भाजी, दूध, औषध, प्रवास आणि इतर. ‘इतर’ हा रकाना अण्णांच्या लेखी माणसाच्या चारित्र्याबद्दल असतो. त्यात काही मांडायची वेळ आली की ते पेन झाकून एकदा सगळ्यांकडे बघतात.

धडा पहिला : सण चुकवू नये

त्या वर्षी गुढीपाडवा 25 मार्चला आला आणि देशभराची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. कोलकात्यानं तर दोन दिवस आधीच, 23 च्या संध्याकाळी, दारं लावून घेतली होती. काठी नाही, गाठी नाही. एरवी पाडव्याला आम्ही हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात कोणी ना कोणी ओळखीचं भेटेल म्हणून चक्कर टाकतो, तेही नाही.

अशा वेळी काठी म्हणून मच्छरदाणीचा दांडा घ्यावा. तो कोलकात्यात घरोघरी असतो. गाठीऐवजी बत्तासे ओवावे. बत्तासा सुईनं ओवला जात नाही, फुटतो. फुटलेला खावा. चाळीस बत्ताशांमागे अकरांची माळ तयार होते आणि ओवणाऱ्याचा स्वभाव सुधारतो.

गुढी उभी राहिली तसं समोरच्या गॅलरीतल्या बौदींनी (म्हणजे वहिनींनी) विचारलं, हे काय? रेशमी साडी, कडुनिंब आणि वर पालथा तांब्या, त्यांच्या डोळ्यांत आशा दिसली. हे लावलं की तो रोग होत नाही का? सासूबाईंचा जन्म कोलकात्यातलाच. त्यांनी शांतपणे बंगालीत उत्तर दिलं, “अजून तरी झालेला नाही.” संध्याकाळपर्यंत गल्लीत आणखी दोन गुढ्या उभ्या. त्यातल्या एकीवर तांब्या नव्हता म्हणून प्रेशर कुकरचा डबा. आम्ही खुलासा केला नाही. करायला हवा होता, हे कळतं. पण पाडव्याच्या दिवशी आपल्या गुढीशेजारी दुसरी गुढी बघायला मिळणं हे भवानीपुरात रोज घडत नाही.

धडा दुसरा : मिठाई

हा या अभ्यासक्रमातला मुख्य विषय. घाईत वाचू नये.

टाळेबंदीत आठवडाभर दुकानं बंद राहिली तेव्हा बंगालमध्ये छेना घ्यायला कोणी उरलं नाही आणि गवळ्यांचं दूध ओतून द्यायची वेळ आली. तेव्हा राज्य सरकारनं 31 मार्चपासून मिठाईच्या दुकानांना सूट दिली, वेळ दुपारी 12 ते 4. औषध, भाजी, दूध आणि संदेश. बाकी देश हसला. मीही फोनवर नागपूरच्या भावाला हे हसतच सांगितलं. मग विचार केला की हसण्यासारखं यात काय आहे? आपल्याकडे संकट आलं की पहिली काट गोडावर पडते; इथल्या लोकांनी संकटात गोड कसं सुरू राहील याची आधी व्यवस्था लावली. दुधाचं निमित्त खरंच होतं. पण निमित्त कोणत्या दिशेला न्यायचं हे माणसाच्या हातात असतं.

वेळेचा मात्र घोळ होता. दुपारी एकला दुकानाला कुलूप पाहायची सवय असलेल्या पुणेकराला 12 ते 4 हा चमत्कार वाटेल. कोलकात्यात ती भातघुमची वेळ. जेवून, पंखा लावून, मालकानं आणि गिऱ्हाइकानं एकाच वेळी आडवं व्हायची. म्हणजे सरकारनं बंगाली माणसासमोर झोप आणि संदेश असे दोन देव एकाच मुहूर्तावर उभे केले. गल्लीनं तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी सगळे डोळे चोळत रांगेत.

कृती : दोन वाजता निघावं. ऊन डोक्यावर असतं, घाम थांबत नाही, पण रांगेत सावली धरायला भांडण होत नाही. तोंडावर फडकं बांधावं. चौकात पोलीस ‘कोथाय?’ विचारतो. ‘औषध’ म्हटलं तर चिठ्ठी मागतो. ‘मिष्टी’ म्हटलं तर मागत नाही. भवानीपुरात 1885 पासूनचं बलराम मल्लिकांचं दुकान आहे, ते प्रगत विद्यार्थ्यांसाठी. नवशिक्यांनी गल्लीच्या तोंडावरचं, पाटीवरची अक्षरं उडालेलं दुकान धरावं. तिथे काय ताजं आहे असं विचारलं तर दुकानदार दुखावतो. “आज काय द्याल?” असं विचारावं.

आता मापाचा प्रश्न. मराठी घरात मिठाई पावशेर, अर्धा किलो अशी येते, म्हणजे ती ‘आणली’ असं होतं, ताटात वाढली जाते, उरते, फ्रिजमध्ये जाते आणि तिसऱ्या दिवशी संपवावी लागते. इथे माणशी एक नग घेतात. पाच माणसं, पाच संदेश. उरायचा धोका नाही आणि उद्या पुन्हा निघायचं कारण शिल्लक राहतं. हे गणित मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं, कारण आम्ही संदेश घ्यायचो तो पूजेला, पाव किलो.

पहिल्या दिवशी अण्णांनी वही उघडली, पेन झाकलं, सगळ्यांकडे पाहिलं. मी म्हटलं, छेना म्हणजे प्रथिनं. त्यांनी ‘औषध’ या रकान्यात लिहिलं : संदेश, 5 नग. पुढचे पंधरा दिवस आमच्या वहीत औषधाचा खर्च चढत गेला आणि रक्तदाब उतरत.

प्रात्यक्षिक. एप्रिलच्या मध्यावर, बंगाली सन 1427 लागलं त्या आठवड्यात, दुकानात जलभरा तालशांस आला. ताडगोळ्याच्या आकाराचा संदेश, वरून निरागस. पोटात गुलाबपाणी. चंदननगरला सूर्यकुमार मोदक नावाच्या कारागिरानं तो घडवला आणि त्याची हकिगत अशी सांगतात की एका जमीनदाराच्या घरच्या बायकांना जावयाची फजिती करायची होती. जावयानं ऐटीत चावा घ्यावा आणि पाणी रेशमी अंगरख्यावर उडावं, यासाठी केलेली ही मिठाई. जगात माणसांनी मिठाया देवांसाठी, राजांसाठी, युद्धावर जाणाऱ्या सैनिकांसाठी केल्या असतील. जावयाचे कपडे खराब व्हावेत म्हणून केलेली मला ही एकच माहीत आहे.

मला ही गोष्ट माहीत नव्हती. ह्यांना नव्हती. सासूबाईंना होती. त्यांनी अण्णांच्या पुढ्यात बशी ठेवली, पदर सावरला आणि समोर बसल्या. अण्णा कोणतीही गोष्ट खातात तशी त्यांनी ती खाल्ली, म्हणजे अर्धी एका दमात. गुलाबपाणी धुतलेल्या बंडीवर, चष्म्यावर आणि वहीच्या पानावर. क्षणभर कोणाला काही कळेना. मग सासूबाईंच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. ‘माहेरी तुम्ही जेवायला आलात तेव्हाच द्यायचा होता. आईनं देऊ दिला नाही,’ त्या म्हणाल्या. लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. अण्णांनी चष्मा पुसला, उरलेला अर्धा काळजीपूर्वक खाल्ला आणि म्हणाले, “उद्या हाच आणा.”

त्या पानावरचा डाग अजून आहे. नेमका ‘औषध’ या शब्दावर.

जोडकाम : मिष्टी दोईची मातीची भांडी टाकायची नसतात, निदान अण्णांच्या मते नसतात. तळाला खिळ्यानं भोक पाडून त्यात धणे पेरावे. जून उजाडला तेव्हा झुलबारांद्यात चौदा भांडी कोथिंबीर होती. दही खाल्लं याची टोचणी अशा रीतीनं हिरवी होऊन चटणीत जाते.

धडा तिसरा : दिनचर्या, व्यायाम व आत्मचिंतन

हा धडा गाळला आहे. मुलीनं केलेलं वेळापत्रक सव्वा दिवस टिकलं. ते भिंतीवर असून त्याखाली छत्री टांगतात.

धडा चौथा : दोर सोडणे

कोलकात्यातल्या जुन्या घरांत गॅलरीच्या कठड्याला दोर बांधलेला असतो आणि दोराला पिशवी. भाजीवाला, पेपरवाला, किल्ली विसरलेला नवरा, सगळ्यांशी व्यवहार या पिशवीतून होतो. पंचवीस वर्षं मी हिला म्हातारपणाची सोय समजत होते. टाळेबंदीत कळलं की ही टपाल खात्याची शाखा आहे.

नवशिक्यानं दोर एकदम सोडू नये. आधी हाक मारावी, भाजीवाल्याशी भावावरून पूर्ण असहमती नोंदवावी आणि मग सोडावा. वर घेताना पहिल्या मजल्याच्या कठड्याशी क्षणभर थांबावं, कारण तिथल्या काकू पिशवीत डोकावून ‘पटोल कितीला?’ असं विचारतात. त्यातून सुरू होतं त्याला इथे पीएनपीसी म्हणतात : परनिंदा-परचर्चा. नाव असं आद्याक्षरांत असलं की एखाद्या सरकारी मंडळाच्या बैठकीला बसल्यासारखं वाटतं. आमच्याकडे याच गोष्टीला चहाड्या म्हणतात आणि मग करताना मन खातं.

आमच्या पिशवीला तिसऱ्या मजल्यावरची पिशवी वरून येऊन भेटायला लागली. एकदा तीत वाटीभर आलू-पोस्तो होतं. मराठी माणूस वाटी रिकामी परत देत नाही. मी थालीपीठ ठेवलं. बंगाली माणूसही देत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मोचार घंटो आलं. मी भरली वांगी. शुक्तो. कोशिंबीर. चौथ्या दिवशी दोघी थकलो होतो आणि दोघींपैकी एकही थांबेना.

सावधगिरी : साबुदाण्याची खिचडी कधीही पाठवू नये. चतुर्थीची जास्त झाली म्हणून मी वर पाठवली. पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरून फोन, खालून फोन, समोरच्या गॅलरीत बौदी तोंडावर पदर धरून. घरात कोणाला बरं नाही? ताप केव्हापासून? बंगालमध्ये साबू हे आजाऱ्याचं खाणं. आणि वर्ष 2020. चांगलं शेंगदाण्याचं कूट, तूप, जिरं घातलेलं आमचं उपासाचं पक्वान्न त्या दिवशी जिन्यावर कडुनिंबाच्या पाल्यासकट परत आलं. नंतर दोन दिवस आमची पिशवी कोणी थांबवली नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांनी कठड्याशी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, बाजीप्रभूंवर भाषण केलं. मराठीत. कोणाला कळलं नाही, पण फुप्फुसं ठीक आहेत एवढं कळलं. वाट्या पुन्हा सुरू झाल्या.

धडा पाचवा : ल्याद

हा शब्द लेकीनं घरात आणला. ल्याद खातात. म्हणजे काहीही न करता, करायचं असलेलं सगळं ठाऊक असताना, गादीवर पसरून राहणं, आणि त्याबद्दल वाईट न वाटणं. आपल्याकडे लोळणं आहे, पण त्याला ओरडणारी आई लागते. आळस आहे, तो शत्रू आहे. निवांतपणा आहे, तो निवृत्तीनंतर. ल्याद खाण्याची वस्तू आहे, हे क्रियापदच किती समंजस.

मुलगी जीवशास्त्राचं पुस्तक छातीवर उघडं टाकून ल्याद खायची. मी दारात उभी राहून तिच्या भवितव्याचा विचार करायची. एका दुपारी मी पुस्तक काढून घ्यायला गेले आणि पंखा बरा लागत होता म्हणून शेजारी टेकले. साडेपाचला सासूबाईंनी उठवलं. याहून सविस्तर सूचना देता येत नाहीत.

खंदकाविषयी

अभ्यासक्रमाबाहेरचं थोडं. तिसऱ्या मजल्यावरचे मेशोमशाई (मावशीच्या यजमानांना इथे असं म्हणतात) अण्णांना लाडानं ‘बोर्गी’ म्हणतात. इथल्या मुलांना अजूनही बारगीर येतील असं भिववणाऱ्या अंगाईनं झोपवतात, आणि ते बारगीर नागपूरकर भोसल्यांचे. 1742 मध्ये आमच्या धास्तीनं कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता, तीनेक मैल खणून झाला, आणि मराठे काही कोलकात्यावर आलेच नाहीत. खंदक पुढे कचऱ्यानं भरला, मग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेला. बागबाजारात मराठा डिच लेन एवढं नाव राहिलंय. बंगालच्या खेड्यांनी मात्र ती दहा वर्षं खरोखर भोगली, तिथे खंदक नव्हता; म्हणून मेशोमशाई बोर्गी म्हणाले की अण्णा हसतात, पण पुरतं नाही.

त्या एप्रिलमध्ये मी रोज रात्री खंदक खणत होते. अर्धा पगार पाव झाला तर. अण्णांना दवाखान्यात न्यावं लागलं तर. परीक्षा जुलैत झाली तर. एक शक्यता सोडली नाही. झाडाची सोडली.

धडा सहावा : वादळ

उन्हाळ्यात संध्याकाळी इथे कालबैशाखी येते. आपला वळीव, पण घाईत असलेला. तो आला की सगळ्या गॅलऱ्यांत बायका कपडे काढायला धावतात आणि काढून झाल्यावर आत जात नाहीत. एवढंच करायचं, आत जायचं नाही.

अम्फान चक्रीवादळ तसं नव्हतं. 20 मे च्या दुपारपासून रात्रीपर्यंत वारा थांबला नाही, आणि मधे तो ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला. आम्ही पाचही जण आतल्या खोलीत, न्हाणीघराच्या भिंतीला टेकून. बाहेर काय पडतंय ते आवाजावरून ओळखायचं : पत्रा, काच, पुन्हा पत्रा. मग एक आवाज आला तो लांबला. सकाळी गल्लीतला गुलमोहर आडवा होता, तारांसकट, आणि त्याची फुलं पहिल्या मजल्याच्या खिडकीत. शहरात अशी हजारो झाडं. कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकं पाण्यात तरंगत होती. झाडं कापायला तीन दिवसांनी लष्कर बोलवावं लागलं. सुंदरबनाकडे काय झालं असेल याचा अंदाज माशींचा फोन लागत नव्हता त्यावरून यायचा. तो सहाव्या दिवशी लागला, छप्पर गेलं होतं, माणसं होती. या दिवसांत आनंद कसा शोधावा यावर ही पुस्तिका काही सांगत नाही.

फक्त फ्रिजचं सांगते, कारण तो प्रश्न व्यावहारिक होता. वीज गेली ती गेली. पंप नाही, पाणी बादलीनं वर. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या घरांतले फ्रिज उघडले आणि जे जे टाळेबंदीत जपून, मोजून, पुढे लागेल म्हणून ठेवलं होतं ते सगळं आत्ताच खायला हवं झालं. तिसऱ्या मजल्यावर दोन किलो इलिश मासा, मागच्या पावसाळ्यातला, जावयासाठी राखलेला. खाली चिंगडी, म्हणजे कोळंबी. आमच्याकडे पुरणाचा गोळा, आणि अण्णांच्या हुकमानं ‘अडीअडचणीला’ ठेवलेले अकरा संदेश. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक घर बसलं, अंतर राखून, मधे मेणबत्ती. ताटं पायरी-पायरीनं सरकत होती. इतक्या वाईट दिवशी इतकं चांगलं मी कधी जेवले नाही, हे त्या वेळी म्हणायची लाज वाटली. जावई, म्हणे, आसनसोलला अडकला होता. त्याच्या नावानं एक तुकडा वेगळा काढला आणि मेशोमशाईंनी तो खाल्ला.

जेवून सगळे गच्चीवर. अख्खं दक्षिण कोलकाता काळं. आणि वर चांदण्या, इतक्या, की लेकीनं हा कोणाचा ड्रोन म्हणून विचारलं.

धडा शेवटचा : नोंद

वीज सहाव्या दिवशी आली. उरलेल्या परीक्षा 26 जूनला रद्द झाल्या. त्या दुपारी मुलीनं पुस्तकं कपाटात ठेवली आणि अभ्यास नसताना ल्याद नीट खाता येत नाही अशी तक्रार केली. पगार निम्माच होता.

महिनाअखेरीला विजेच्या बिलाची तारीख बघायला म्हणून मी अण्णांची वही काढली. भाजी होती, दूध होतं, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, मेणबत्त्यासुद्धा ‘किराणा’त होत्या. संदेश नव्हता. ‘औषध’ पाहिलं, ‘इतर’ पाहिलं. वादळानंतर दुकान उघडलं तेव्हापासून एकही नोंद नाही. रोज दोन वाजता छत्री घेऊन अण्णाच तर जात होते.

कपाटावर ते मिठाईची रिकामी खोकी रचून ठेवतात, पुढे लागतात म्हणून. स्टुलावर चढून मोजली. तेवीस. वही होती तिथे ठेवली, खोकी पुन्हा सरळ केली आणि भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलेल्या अण्णांना चहा ठेवलाय म्हणून सांगितलं.